आवाजांची वाटणी

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ता. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. सोव्हिएत संघाशी या कारखान्याचा करार फेब्रुवारी १९५५मध्ये झाला, तेव्हा हा मुलूख ज्या मध्यप्रदेश राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती. पुढे १९५६च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर वेगळे झाले आणि २००० साली छत्तीसगढ हे स्वतंत्र राज्य झाले. भिलाईचा इतिहास सांगताना हे सारे सांगितले जाते, आणि मग टनांचे आकडे येतात. मला मात्र आज त्या कारखान्याच्या पोलादाविषयी बोलावयाचे नाही. त्याच्या आवाजापासून आरंभ करून एका वेगळ्याच विद्येचा इतिहास मी सांगणार आहे.

झोतभट्टीत हवेचा प्रचंड झोत सतत सोडावा लागतो. तो सोडणाऱ्या यंत्रांचा आवाज खोल आणि अखंड असतो. अशा यंत्राशेजारी उभ्या असलेल्या दोन माणसांचे बोलणे ऐकून पाहावे. माणूस बोलतो आहे हे कळते, स्वरांचा चढउतारही कळतो. पण 'सात' म्हणाला की 'साठ', हे कळत नाही. यंत्राची घरघर खालच्या पट्टीतली आणि 'स', 'श', 'त', 'ख' ही व्यंजने पुष्कळ वरच्या पट्टीतली. तरीही खालचा आवाज वरच्या आवाजाला झाकून टाकतो. याच्या उलट प्रकार मात्र सहसा घडत नाही. बारीक शिटीने नगाऱ्याचा आवाज बुजला, असे कोणी ऐकले आहे काय?

हा एकतर्फी न्याय आल्फ्रेड मेयर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १८७६ साली नोंदविला. पुढे १९२४ साली वेगेल आणि लेन या दोन संशोधकांनी तो रीतसर मोजला. एक आवाज चालू असताना दुसरा ऐकू येण्यासाठी त्याला किती मोठे करावे लागते, याचे त्यांनी आलेखच काढले. त्यातून दोन गोष्टी निश्चित झाल्या. एक, जे आवाज पट्टीने एकमेकांच्या जवळ असतात ते एकमेकांना सर्वांत अधिक झाकतात. दोन, खालचा आवाज मोठा झाला की त्याची सावली वरच्या बाजूला लांबवर पसरते.

याचे कारण कानाच्या रचनेत आहे. अंतर्कर्णात शंखासारखी वळलेली एक नळी असते. तिच्यातल्या पडद्यावर प्रत्येक पट्टीच्या आवाजाला आपली आपली जागा नेमून दिलेली आहे. उंच स्वरांच्या जागा दाराशी आणि खर्जाच्या जागा अगदी आतल्या टोकाशी. त्यामुळे खर्जाची लाट आपल्या घरी पोहोचण्यासाठी उंच स्वरांच्या अंगणातूनच पुढे जाते. गेओर्ग फॉन बेकेशी यांनी ही लाट प्रत्यक्ष पाहिली आणि त्या कार्यासाठी त्यांना १९६१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. दोन आवाज एकाच अंगणात उतरले, तर कानाला त्यांचा एकच गलका ऐकू येतो. मग कितीही लक्ष देऊन ऐकले तरी जे पडद्यावरच मिसळले ते मनाला निवडून काढता येत नाही.

तेव्हा प्रश्न असा की, ज्यांना दोन्ही आवाज हवे आहेत त्यांनी काय करावे? कारखान्यातली घरघर कोणालाच नको असते. पण गाणे आणि पेटी, पेटी आणि सारंगी, किंवा आजच्या काळात एका सिंथेसायझरचा स्वर आणि दुसऱ्याचा स्वर, हे दोन्ही हवे असतात, आणि दोन्ही एकाच जागेवर हक्क सांगतात. शेताची वाटणी करताना मध्ये बांध घालावा लागतो, तसाच प्रकार येथे आहे. हा बांध माणसाने कसकसा घातला, हाच आजच्या भाषणाचा विषय.

यंत्रे येण्यापूर्वी ही वाटणी कलावंत स्वतःच करीत. त्याचे उत्तम उदाहरण भिलाईच्या शेजारीच आहे. महाभारताची कथा गाऊन आणि सांगून उभी करणारी पंडवानी ही छत्तीसगढची लोककला. तिच्या विख्यात गायिका तीजनबाई भिलाईजवळच्या गनियारी गावच्या. त्यांनी भिलाईच्या कारखान्यात नोकरीही केली, आणि २०१९ साली त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. पंडवानीत मुख्य गायकाच्या हाती तंबुरा असतो. साथीला पेटी, तबला, ढोलक, मंजिरा असतात. शिवाय 'रागी' नावाचा एक साथीदार असतो. हा रागी हुंकार देतो, प्रश्न विचारतो, पालुपद धरतो. पण ते केव्हा? मुख्य गायकाने श्वास घेतला तेव्हा. कथेचे वाक्य चालू झाले की वाद्ये दबतात, वाक्य संपले की उसळतात. येथे वाटणी काळाची आहे. एकाच जागेवर दोघांचा हक्क असेल तर पाळीपाळीने बसावे, ही रीत खेड्यातल्या मोकळ्या मैदानातही चालते. आपल्या कीर्तनात बुवा आणि झिलकरी यांच्यात हाच करार असतो. सारंगीवाला गायकाच्या पाठोपाठ, किंचित मागे राहून जातो, त्यातही हेच शहाणपण आहे.

बोलपट आला आणि या शहाणपणाची कसोटी लागली. मायक्रोफोनला दोन कान नसतात, आणि काय ऐकावे नि काय सोडून द्यावे याचा विवेकही नसतो. 'आलम आरा' हा आपल्याकडचा पहिला बोलपट ता. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात लागला. त्याचा स्टुडिओ रेल्वेमार्गालगत होता. आगगाडीच्या खडखडाटातून नटांचे शब्द वेगळे काढण्याचे साधन हाती नव्हते. म्हणून गाड्या थांबल्यावर मध्यरात्रीनंतर चित्रीकरण होई. ही पुन्हा काळाचीच वाटणी. वादकांना कॅमेऱ्याच्या नजरेआड, आडोशाला बसवून नटाच्या गाण्याला तेथल्या तेथे साथ करावी लागे. मायक्रोफोनपासून कोणाला किती दूर बसवावयाचे, एवढीच काय ती सोय. ही झाली अंतराची वाटणी.

पुढच्याच वर्षी, १९३२ साली, कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' आला. शांतारामबापूंचे दिग्दर्शन, विष्णुपंत दामले यांचे ध्वनिलेखन, आणि संगीत व प्रमुख भूमिका गोविंदराव टेंबे यांची. टेंबे म्हणजे पेटीवादनातले नामवंत नाव. ज्या वाद्याचा आवाज गाणाऱ्या गळ्याच्या अगदी शेजारी राहतो, त्या वाद्याचा हा जाणकार बोलत्या चित्रपटाच्या पहिल्याच वर्षांत ध्वनिलेखकाच्या समोर उभा राहिला, हा योग मला लक्षणीय वाटतो.

आता ज्या उपकरणाने वाटणीची रीतच पालटली त्याकडे वळू. त्याचे नाव इक्वलायझर, म्हणजे 'सारखे करणारा'. हे नाव संगीतातून आलेले नाही. ते टेलिफोनच्या तारेतून आले आहे. लांब तारेतून आवाज पाठविला की उंच पट्टीतला भाग वाटेत अधिक झिजतो आणि खालचा कमी. पलीकडे बोलणे घोगरे, तोंडावर रुमाल धरल्यासारखे ऐकू येते. यावर अभियंत्यांनी तोड काढली ती अशी : तारेच्या शेवटी वेटोळी आणि धारित्रे यांचे असे एक जाळे बसवावयाचे, की जो भाग तारेत कमी झिजला तो येथे मुद्दाम तितका झिजेल. मग सर्वच भाग सारखे दुबळे होतात. त्यांना एकदम मोठे केले की मूळ बोलणे परत मिळते. अमेरिकेत ऑटो झोबेल यांनी १९२०च्या दशकात अशा जाळ्यांचे शास्त्र बांधले. नभोवाणीलाही त्याचा मोठा आधार झाला. स्टुडिओपासून प्रक्षेपकापर्यंत तारेने जाणारे गाणे जसे गायले तसे पोहोचावे, ही इच्छा त्यामागे होती. म्हणजे इक्वलायझरचा जन्म न्याय्य हेतूने झाला. जे वाटेत हरवले ते परत द्यावे, जसे होते तसे करावे, एवढेच त्याचे काम होते.

पण चित्रपटाच्या माणसांनी त्याचा उपयोग उलटा केला. अमेरिकेत आर.सी.ए. कंपनीचे जॉन व्होल्कमन यांनी १९३०च्या दशकात चित्रगृहातला आवाज सुधारण्यासाठी हवा तसा बदलता येणारा इक्वलायझर वापरला, तो अजून दुरुस्तीचाच होता. लवकरच असे ध्यानात आले की, संवादांतील खोल घुमारा कापला तर शब्द अधिक स्पष्ट होतात. मूळ आवाजात तो घुमारा होता. तो हरवलेला नव्हता, खोटाही नव्हता. तरी तो काढावयाचा, कारण त्याच जागी दुसऱ्या आवाजाला बसावयाचे आहे. जे यंत्र सारखेपणा परत आणण्यासाठी घडले, ते आता मुद्दाम विषमता निर्माण करू लागले. त्यातून एक नवा नियम निघाला. दोन आवाजांपैकी कोणालाही हाकलण्याची आवश्यकता नाही. प्रत्येकाने आपल्या अंगाचा थोडा भाग सोडला की दोघेही राहतात.

हा नियम किती महत्त्वाचा आहे, हे आपल्या नभोवाणीच्या इतिहासातल्या एका प्रकरणाशेजारी ठेवून पाहावे. ता. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर पेटीला बंदी झाली. लायनेल फील्डन तेव्हा नभोवाणीचे मुख्य अधिकारी होते. दिल्ली केंद्रावरील पाश्चात्त्य संगीत विभागाचे जॉन फोल्ड्स यांनी तत्पूर्वी पेटीवर कडक टीका केली होती; रवींद्रनाथ ठाकुरांचाही पेटीला विरोध होता. स्वातंत्र्यानंतर डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री होते, त्यांच्या कारकिर्दीतही ही बंदी टिकली. ती सैल झाली १९७१च्या सुमारास. म्हणजे तीस वर्षे महाराष्ट्रातल्या घराघरात, भजनी मंडळात आणि नाटकात वाजणारी पेटी नभोवाणीच्या दाराबाहेर उभी होती.

या बंदीमागचा मुख्य मुद्दा श्रुतींचा होता. पेटीचे सूर ठरीव असतात, त्यात मींड नाही आणि रागाला हवी तशी सूक्ष्म हालचाल नाही. हा आक्षेप खरा आहे, आणि कोणताही इक्वलायझर त्याला उत्तर देऊ शकत नाही. त्याने स्वराचा रंग बदलतो; उंची बदलत नाही. बेसूर पेटी इक्वलायझरने सुरात येत नाही. परंतु पेटीविरुद्ध गायकांची आणखी एक तक्रार असते, ती वेगळी आहे : पेटी गळ्याला झाकते. हे मात्र जागेचे भांडण आहे. पेटीच्या पत्तीतून एक स्वर निघतो तेव्हा त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वरही भरपूर निघतात. दोन-तीन पत्त्या एकदम बोलल्या की दर सेकंदाला दोनशे कंपनांपासून तीन-चार हजारांपर्यंतचा सगळा पट्टा व्यापला जातो. गाणाऱ्याचा गळा आणि त्याचे शब्द नेमके त्याच पट्ट्यात राहतात. या भांडणाला हद्दपारी हा एक उपाय. भात्याचा दाब कमी करून हलक्या हाताने वाजविणे हा दुसरा. आणि शब्द जेथे उमटतात त्या एक ते तीन हजार कंपनांच्या पट्ट्यात पेटीला थोडे मागे सरकविणे, हा तिसरा. एका दोषासाठी सबंध वाद्य बाहेर काढण्यापूर्वी त्याचा नेमका कोणता भाग आड येतो हे शोधावे, ही बुद्धी या तिसऱ्या उपायात आहे.

भिलाईच्या परिसराशी या वादाचा एक धागा जुळतो. ज्या दुर्ग जिल्ह्यात भिलाई आहे, त्याच जिल्ह्यात तेव्हा खैरागड होते. तेथे १९५६ साली इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापन झाले आणि भातखंडे यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर त्याचे कुलगुरू झाले. केसकरांच्या काळात नभोवाणीवरील कलावंतांची जी परीक्षा घेतली जाई, तिच्याशीही रातंजनकरांचा निकटचा संबंध होता. एकाच जिल्ह्यात, तीन वर्षांच्या अंतराने, एकीकडे स्वरांचे विद्यापीठ उघडले आणि दुसरीकडे पोलादाची भट्टी पेटली.

युद्धानंतरच्या दशकांत बांध घालण्याची हत्यारे झपाट्याने सुधारली. १९५१ साली अमेरिकेत यूजीन शेंक आणि ऑली समरलिन यांनी पल्टेक हा इक्वलायझर बाजारात आणला. कापताना आवाजाची जी शक्ती कमी होई ती त्यातच भरून निघे. १९५२ साली इंग्लंडच्या पीटर बॅक्सांडॉल यांनी खर्ज आणि उंच स्वर कमीजास्त करण्याची सोपी रचना प्रसिद्ध केली. घरोघरच्या रेडिओ-ग्रामोफोनवरची ती दोन बटणे बहुतांशी तिचीच वंशज. १९७२ साली जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी ज्या उपकरणाचा प्रबंध वाचला, त्यात कोठे कापावयाचे, किती रुंद कापावयाचे आणि किती खोल कापावयाचे, हे तिन्ही निर्णय वेगवेगळे घेता येत. पूर्वीचा इक्वलायझर कुऱ्हाड होता, हा नक्षीचा चाकू झाला.

आपल्याकडे ही कला ज्यांच्या हातात रुजली त्यांत परळच्या राजकमल कलामंदिरातले मंगेश देसाई यांचे नाव आदराने घेतले जाते. संवाद, संगीत आणि इतर आवाज यांच्या वेगवेगळ्या पट्ट्या एकत्र करून अंतिम ध्वनिपट्टी तयार करणे, हे त्यांचे काम. १९७५च्या 'शोले' चित्रपटात हत्याकांडानंतर रिकाम्या झोपाळ्याची कुरकुर ऐकू येते, ती आठवावी. ती कुरकुर मोठी नाही. तिच्या जागेवर दुसरे कोणी बसलेले नाही, म्हणून ती अंगावर काटा आणते. एकेक आवाज उचलून धरण्यापेक्षा बाकीच्यांना थोडे बाजूला होण्यास सांगणे, हे या कलेचे मर्म आहे.

आता सिंथेसायझरकडे येऊ. कारण वाटणीचा प्रश्न त्याच्याइतका बिकट दुसऱ्या कोणत्याही वाद्याने केलेला नाही. विद्युत्‌स्वरांची ओळख आपल्याकडे पुंगीच्या रूपाने झाली. १९५४च्या 'नागिन' चित्रपटातली ती प्रसिद्ध पुंगी खरी पुंगी नव्हती. हेमंतकुमारांच्या त्या संगीतात कल्याणजींनी क्लॅव्हियोलिन हे विजेवर चालणारे वाद्य वाजविले आणि रवी यांनी पेटी. दोन आवाज एकाच जागी आणून मुद्दाम एकजीव केले, तेव्हा तिसरे वाद्य जन्माला आले. म्हणजे एकाच जागेवर दोन आवाज येणे हा नेहमीच दोष नव्हे. हेतू जर मिलाफाचा असेल, तर बांध घालणारा माणूसच तेथे चूक ठरेल.

१९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत, म्हणजे एन.आय.डी.मध्ये, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला. पुढची तीन-चार वर्षे तेथे भारतीय रचनाकारांनी फितींवर प्रयोग केले. त्या फिती निवडून २०२३ साली प्रसिद्ध झाल्या आहेत. मूगमध्ये एक गोष्ट शिकण्याजोगी आहे. त्याचा मूळ स्वर करवतीच्या दात्यांसारख्या लहरीचा असतो आणि त्यात सगळेच उपस्वर ठासून भरलेले असतात. मग गाळणीने नको ते काढून टाकीत त्याला रूप द्यावयाचे. मूर्तिकार दगडातून मूर्ती काढतो तसे. आवाज घडविणे म्हणजे आवाज वजा करणे, हे या वाद्याच्या पोटातच लिहिलेले आहे.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाजविणारे चरणजितसिंग यांनी १९८२ साली एक तबकडी मुद्रित केली. दहा राग, आणि साथीला डिस्कोचा ठेका. खाली खर्जात फिरणारी ओळ रोलंड कंपनीच्या टीबी-३०३ या यंत्रावर, ताल टीआर-८०८वर आणि रागाचा विस्तार ज्युपिटर-८वर. तेव्हा तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा जगभर तिची चर्चा झाली. ती आज ऐकताना जाणवते ते असे की, तिन्ही यंत्रे विजेचीच असूनही कोणी कोणाच्या पायावर पाय देत नाही. कारण वाटणी बटणाला हात लावण्यापूर्वी, रचनेतच झाली आहे. खर्जाची ओळ खर्जात राहते, रागाची ओळ मध्य आणि तार सप्तकात राहते. इक्वलायझरला तेथे थोडेच काम उरते.

हाच धडा आजच्या व्यवहारात उपयोगी पडतो. भिलाईच्या एखाद्या सेक्टरमध्ये गणेशोत्सवाचा ऑर्केस्ट्रा आहे, अशी कल्पना करावी. दोन कीबोर्ड आहेत. एकावर लांबविलेले, भरलेले स्वरसमूह चालू आहेत, दुसऱ्यावर गाण्याची धून. दोघेही मध्य सप्तकात. धून ऐकू येत नाही म्हणून तिचा आवाज वाढविला जातो. मग भरणा दुबळा वाटतो म्हणून तो वाढविला जातो. शेवटी गाणाऱ्या मुलीचा आवाज दोघांच्या खाली जातो आणि कर्णे फाटू लागतात. येथे पहिले काम सप्तक बदलण्याचे. भरण्याचे स्वर एक सप्तक खाली न्यावेत, किंवा त्यातले अर्धे सोडून द्यावेत. तेवढ्याने भागले नाही तरच इक्वलायझरला हात लावावा. भरण्यातला दोनशे कंपनांखालचा भाग काढावा. तेथे ढोल आणि खर्ज राहतात. मग धून जेथे सर्वांत स्पष्ट उमटते ती जागा शोधावी. त्यासाठी एक अरुंद उंचवटा करून तो पट्टाभर फिरवीत न्यावा, कान सांगेल तेथे थांबावे. ती जागा धुनीत वाढवू नये. भरण्यात तेथे तीन-चार डेसिबल कमी करावेत. गळ्यासाठीही असेच करावे. हे सर्व दोन्ही कीबोर्ड एकत्र वाजत असताना करावयाचे. एकटा ऐकला तर कापलेला आवाज बारीक आणि अपुरा वाटतो, आणि वाजविणाऱ्याचा जीव दुखावतो. संगतीत तोच आवाज पुरा वाटतो.

हल्ली हे उपकरण कोणाच्याही संगणकात असते. जे एका स्टुडिओत एखाद-दुसरे असे, ते आता हवे तितके मिळते. त्यामुळे एक मोह वाढला आहे. प्रत्येक आवाज स्वतंत्रपणे घ्यावयाचा, तो जास्तीत जास्त उजळ, भरदार आणि समोरचा करावयाचा, आणि मग सगळे एकत्र आणावयाचे. असे दहा उजळ आवाज एकत्र आले की उजेड पडत नाही, डोळे दिपतात. आवाजाच्या दुनियेत जागा मर्यादित आहे, कारण कान मर्यादित आहे. ती जागा कोणी वाढवून देऊ शकत नाही. ती वाटूनच घ्यावी लागते.

आणि येथे कारखान्याच्या आवाजाकडे परत यावे लागते. ज्यांचे आयुष्य मोठ्या आवाजात जाते, त्यांच्या श्रवणशक्तीची झीज बहुधा चार हजार कंपनांच्या आसपास सुरू होते, म्हणजे 'स', 'श', 'थ' यांसारखी व्यंजने जेथे राहतात त्याच बाजूला. असा माणूस म्हणतो, "आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत." झोताच्या यंत्राशेजारी जे क्षणभर घडत होते, ते त्याच्या घरी कायमचे घडू लागते. नातवंडांच्या गलक्यात, वाजणाऱ्या दूरदर्शन संचात, पंख्याच्या घरघरीत त्याला बोलणे निवडता येत नाही. त्याच्या कानाला लावावयाच्या यंत्रातही शेवटी एक इक्वलायझरच असतो, जो हरवलेला पट्टा उचलतो आणि घरघर खाली ढकलतो. तारेच्या टोकाशी बसून जे हरवले ते परत देणारे मूळचे यंत्र असे पुन्हा आपल्या पहिल्या कामावर रुजू होते. पण ते बसविण्याआधीही घरातल्या माणसांना एक गोष्ट करता येते. पंखा आणि संच बंद करावा, समोर बसून एकाने बोलावे, दुसऱ्याने थांबावे. पंडवानीतला रागी हेच करीत आला आहे.

सारखे करणे म्हणजे सर्वांना एकाच उंचीवर आणणे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. इक्वलायझरचा शंभर वर्षांचा इतिहास निराळे सांगतो. सर्वांना ऐकू यावयाचे असेल, तर प्रत्येकाला आपापले कोठेतरी कमी व्हावे लागते, आणि कोणी कोठे कमी व्हावे हे ठरविणाऱ्याने आधी सर्वांना ऐकून घेतलेले असावे लागते.